विषय: तुवालूने आपले परराष्ट्र धोरण गहाण ठेवले आहे काय?

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.
प्रशांत महासागरातील तुवालू हा चिमुकला बेटदेश आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील फालेपिली कराराचे चौथे कलम वाचून मी अस्वस्थ झाले. संरक्षण, पोलीस, सीमासुरक्षा आणि सायबर सुरक्षाच नव्हे, तर बंदरे, दूरसंचार व वीज यांबाबतही सुरक्षेशी निगडित असा कोणताही समझोता अन्य देशाशी करण्यापूर्वी तुवालूला ऑस्ट्रेलियाची सहमती घ्यावी लागेल. १९७८ मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे मग उरते तरी काय?

---

ताई, नमस्कार.
आपली शंका रास्त आहे, आणि ती तुवालूतही उघडपणे मांडली गेली. करार जाहीर करणारे पंतप्रधान काउसिया नातानो जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत पराभूत झाले. त्यांच्यानंतर आलेल्या फेलेती तेओ यांच्या सरकारने कराराच्या तत्त्वांना पाठिंबा दिला, पण तो करताना पारदर्शकता राखली गेली नाही, असेही नोंदवले. तरीही त्यांनी तो मोडला नाही आणि २८ ऑगस्ट २०२४ रोजी तो अमलात आला.

असे का झाले, हे समजण्यासाठी तेथील शासन किती लहान आहे ते पाहावे लागते. संसदेत १६ सभासद आहेत, राजकीय पक्ष नाहीत, आणि एकेका मंत्र्याकडे अनेक खाती असतात. ग्लासगोच्या २०२१ च्या हवामान परिषदेसाठी गुडघाभर समुद्रात उभे राहून भाषण करणारे सायमन कोफे परराष्ट्र खात्याबरोबर न्याय व दळणवळण खातीही सांभाळत होते. इतक्या तोकड्या मनुष्यबळाला प्रत्येक आघाडीवर झगडता येत नाही. कोणती एक गोष्ट पदरात पाडून घ्यायची, हे आधी ठरवावे लागते.

ती गोष्ट दुसऱ्या कलमात आहे. समुद्राची पातळी वाढल्याने काहीही परिणाम झाला तरी तुवालूचे राष्ट्र म्हणून अस्तित्व आणि सार्वभौमत्व अबाधित राहील, हे तेथे मान्य केले आहे. ज्या देशाची सारी जमीन सुमारे २६ चौरस किलोमीटर आहे, आणि ती बुडाली तर विस्तीर्ण सागरी क्षेत्रावरचा व तेथील ट्यूना मासेमारीच्या परवान्यांच्या उत्पन्नावरचा हक्कही वादात सापडू शकतो, त्याच्यासाठी हे वाक्य कोणत्याही अर्थसाहाय्यापेक्षा मोलाचे आहे. शिवाय परराष्ट्र धोरण पूर्णपणे हातचे गेलेले नाही: नाउरू या दुसऱ्या बेटदेशाने जानेवारी २०२४ मध्ये तैवानशी संबंध तोडल्यावरही तुवालूने १९७९ पासूनचे आपले तैवानशी असलेले संबंध कायम ठेवले.

दूरसंचार आणि वीज यांचा समावेश मात्र मलाही अतिव्यापक वाटतो. तो मान्य व्हायला नको होता. तथापि, बारा महिन्यांची लेखी सूचना देऊन करारातून बाहेर पडण्याची मुभा दोन्ही देशांना आहे.

---

काका,
दुसऱ्या कलमाविषयीचे आपले म्हणणे पटले. बाहेर पडण्याच्या मुभेविषयीचे पटले नाही. या करारानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम निवासाची संधी मिळते. २०२५ च्या पहिल्या सोडतीसाठी कुटुंबीयांसह ८,७५० जणांची नोंदणी झाली, आणि २०२२ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्याच १०,६४३ आहे. असा परवाना एकाला मिळाला की मागे राहिलेल्या आईवडिलांच्या आयुष्याचे गणितही त्याभोवतीच मांडले जाते, हे परदेशी येऊन राहिलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. घरटी एक माणूस ऑस्ट्रेलियात असताना तुवालूचे कोणते सरकार ती सूचना देऊ शकेल? म्हणून चौथ्या कलमाखाली पहिला प्रस्ताव येईल, तेव्हाच 'सहमती' कशाला म्हणायचे आणि ती किती दिवसांत द्यायची, हे तुवालूने लेखी ठरवून घ्यावे, असे माझे मत आहे.