मदत हवी आहे: नागिणीची लस ठाण्यात कुठे मिळेल, दुसऱ्या डोससकट?

मंडळी, आईला (वय 67, मधुमेह) शिंग्रिक्स द्यायची आहे. घोडबंदर रोड, नौपाडा किंवा वाशी-नेरूळकडे कोणत्या दवाखान्यात ही लस त्यांच्याच फ्रिजमध्ये असते? केमिस्टकडून आणून नेणं शक्यतो नको. 2 ते 8 अंश सांभाळावे लागतात, आणि आइसपॅकला चिकटून लस गोठली तर ती फेकूनच द्यायची. एवढी महाग वस्तू!

लस दोन छोट्या बाटल्यांत येते: पावडर आणि द्रव. ती मिसळून दंडाच्या स्नायूत टोचतात, त्वचेखाली नाही. घाईत नुसता द्रवच टोचला जाण्याची चूक होऊ शकते, म्हणून ही लस नेहमी देणारं कोणी हवं.

दुसरा डोस 2 ते 6 महिन्यांनी. तो आपल्या नावाने राखून ठेवतात का, की आधीच पैसे भरावे लागतात? उशीर झाला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही हे ठाऊक आहे, पण वेळेत झालेला बरा. बिलावर बॅच नंबर मिळतो का? दोन्ही डोसचा मिळून सध्या काय दर पडतो तेही लिहा. घरी येऊन देणारं कोणी असेल, तर शीतपेटी आणतात का?