२०१२ ची सीबीआर २५० आर: टायरची नक्षी शाबूत, तरी मागचं चाक घसरलं. आता कोणते टायर घ्यावेत?

थोरलीचा_मालक (पुणे):

नमस्कार मंडळी. गाडी होंडा सीबीआर २५० आर, एबीएसवाली (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), ऑगस्ट २०१२ ची. लग्नाआधी घेतलेली, म्हणून बायको तिला 'थोरली' म्हणते. मीटरवर ३८,४०० किलोमीटर. लॉकडाऊनपासून सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून साइड स्टँडवर उभी होती, महिन्यातून एकदा स्टार्ट करायची आणि बंद करायची. यंदा बॅटरी, ब्रेक ऑइल, कूलंट सगळं बदलून पुन्हा रस्त्यावर काढली.

गेल्या रविवारी साताऱ्याहून परत येत होतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर ते एस आकाराचं वळण लागतं ना, तिथे. पाऊस रिमझिम, वेग पन्नासच्या आत, ब्रेकला बोटही लावलेलं नाही, आणि मागचं चाक सरळ बाहेर सरकलं. फूटभर तरी. परत पकड घेतली म्हणून हे लिहितोय. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्नसुद्धा वाजवला नाही, तोही बहुतेक श्वास रोखून बघत होता.

घरी येऊन टायर पाहिले तर नक्षी भरपूर. मागे निम्म्याहून जास्त, पुढे जवळजवळ नव्यासारखी. २०१६ साली टाकलेली जोडी, त्यावर जेमतेम नऊ हजार किलोमीटर झालेत. बाजूच्या भिंतीवर केसाएवढ्या भेगा आहेत, दाबलं की दिसतात.

तीन दुकानं फिरलो. पहिला म्हणाला, "साहेब, अजून दहा हजार आरामात जाईल." दुसरा म्हणाला, "मागे १५० टाका, गाडीला शोभेल." तिसऱ्याकडे माझा साइजच नव्हता, त्यानं १३० काढून दाखवला आणि वर "सेमच आहे" म्हणाला.

मूळ साइज पुढे ११०/७०-१७, मागे १४०/७०-१७. नऊ हजारात टायर खरंच संपतो का? संपला असेल तर तोच साइज घेऊ की १५०? आणि रेडियलचा फायदा माझ्यासारख्याला होतो का? वापर म्हणजे पुणे-सातारा आणि वर्षातून एकदा कोकण. वय ४३, वळणात गुडघा टेकवायचा नाहीये, वाचवायचाय.

वाऱ्यावरची_वरात:

डोळे मिटून १५०/६० टाक भावा. मी माझ्या सीबीआरला ड्यूक ३९० चा टाकलाय. मागून गाडी एक नंबर दिसते. अजून काही झालं नाही.

कराडचा_टायरवाला:

दादा, आधी त्या ट्रकवाल्यानं अंतर ठेवलं होतं त्याबद्दल त्याचे आभार माना. आणि ह्या टायरवर गाडी परत घाटात नेऊ नका.

कराडात २२ वर्षं हेच करतोय, म्हणून जरा लांबण लावतो. खाली बसून टायरच्या भिंतीवर लांबट गोल चौकटीतले चार आकडे शोधा. समजा ३४१९ असेल, तर २०१९ सालचा ३४ वा आठवडा. पूर्ण आकडा कधीकधी एकाच बाजूला असतो, नाही दिसला तर दुसरीकडून बघा. तुम्ही टायर टाकला ते साल धरू नका, तो बनला ते धरा.

रबर चालून मरतं तसं बसूनही मरतं. ते मऊ ठेवणारी तेलं हळूहळू उडून जातात, हवेतला ओझोन भेगा पाडतो. भेगा अडवायला रबरात मेण घातलेलं असतं, पण टायर चालताना दबतो-सुटतो तेव्हाच ते मेण वर येत राहतं. तुमची गाडी चार-पाच वर्षं एका जागी उभी, म्हणजे तेही बंद. अंगठ्याचं नख रोवून बघा. नव्या टायरवर खूण उमटते, तुमच्यावर उमटणार नाही, पैज लावा. कोरड्या रस्त्यावर असला टायर वर्षभर फसवतो, पावसात एका वळणात पितळ उघडं पाडतो. टायर कंपन्याच सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा झाली की नक्षी कितीही असो, काढून टाका. भेगा पडल्यावर दहाची वाट कशाला बघायची?

आता १५०. वरातवाले भाऊ खोटं बोलत नाहीत, तो बसतो. तुमची मागची रिम ४ इंच रुंद, केटीएमच्या ड्यूक ३९० ची पण तेवढीच, आणि तिला १५०/६० कंपनीतूनच येतो. पण गणित करा की. साइजमधला पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. १४० चे ७० टक्के म्हणजे ९८ मिलिमीटर, ही टायरच्या भिंतीची उंची. १५० चे ६० टक्के ९०. गाडी मागून ८ मिलिमीटर खाली बसली, पुढून आहे तशीच. म्हणजे नाक वर, आणि वळणात घालायला जड. व्यास १६ मिलिमीटरनं कमी झाला, म्हणजे त्याच वेगाला इंजिन जास्त फिरणार. पुढच्या-मागच्या चाकाच्या फिरण्याचं जे प्रमाण धरून एबीएस बसवलाय, तेही हललं. आणि हे कशासाठी, तर मागून बघणाऱ्यासाठी. तुम्ही तर वर बसणार!

१३० ला "सेमच" म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नका. तुमच्या मूळ टायरवर साइजच्या पुढे ६६ लिहिलंय, म्हणजे ३०० किलो भार. १३०/७० वर साधारण ६२ असतं, म्हणजे २६५. बायकोला मागे बसवून कोकणात जाणार आहात ना?

रेडियलचं असं आहे. साइजमध्ये आडवी रेघ दिसली तर बायस, आर दिसला तर रेडियल. तुमची गाडी बायसवर आलेली. रेडियल चालेल, पण टाकायचा तर जोडीनं. पुढे रेडियल आणि मागे बायस असं कधीच करायचं नाही. बायसमध्ये दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांवर आडवेतिडवे. रेडियलमध्ये ते ह्या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जातात आणि वरून पट्टा असतो, त्यामुळे टायर कमी तापतो आणि तळ रस्त्यावर नीट बसतो. अपोलोचा अल्फा एच१ तुमच्या दोन्ही साइजमध्ये येतो, ११०/७० आर १७ आणि १४०/७० आर १७. त्यावर एच लिहिलंय, ही वेगाच्या मर्यादेची खूण, म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. तुमचा मूळचा एस, म्हणजे १८०. वरचा चालतो, खालचा नाही.

पूर्वी माझ्या रॅकवर ह्याच मापात मिशेलिन, पिरेली असायचे. जून २०२० मध्ये टायरच्या आयातीला परवाना लागायला लागला आणि तो कप्पा रिकामा झाला. आता कोणी "इम्पोर्टेड पीस आहे" म्हणून हळूच आतून आणून दाखवला तर आधी आयएसआयचा शिक्का बघा, मग तारीख. नाहीतर एक म्हातारा काढून दुसरा बसवाल.

बसवताना मशीनवरच बसवा. पहारी घालून टायर उतरवणाऱ्या पंक्चरवाल्याकडे एबीएसचं चाक देऊ नका. डिस्कजवळची दातेरी रिंग वाकली तर मीटरवरचा एबीएसचा दिवा विझायचा नाही. वॉल्व्ह नवे घाला, तेही रबरच, तेवढंच म्हातारं. आणि चाक हातात आलंच आहे तर बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवून बघा.

निंजावाली_कोल्हापूर:

टायरवाल्या दादांनी एस आणि एचचं सांगितलं त्यावर माझी कहाणी. २०१० ची निंजा २५० आर, मागे मूळ १३०/७०-१७, ६२ एस. दोन वर्षांपूर्वी तो कुठेच मिळेना म्हणून मी १४०/७० टाकला. माझी मागची रिम साडेतीन इंची. टायर बसला, पण काठ आत ओढले गेले आणि मधला भाग टोकदार झाला, शिवाय मागून ७ मिलिमीटर उंच. कोल्हापूर-बेळगाव हायवेला काही कळलं नाही. आंबोलीत कळलं. वळण सुरू झालं की गाडी माझी वाट न बघता आत कलंडायची. धुक्यात तसलं अजिबात नको असतं.

मग एकानं आर१५ च्या दुसऱ्या व्हर्जनचा मागचा टायर सुचवला. १३०/७० आर १७, माप तंतोतंत. हातात घेतला तर ६२ पी. पी म्हणजे १५०. निंजा त्याच्या पुढे जाते. (मी नेत नाही, असं आईला सांगितलेलं आहे.) परत केला. तीन महिने थांबून एसवाला मिळाला. तुमचा साइज निदान इथे बनतोय, तर उगाच प्रयोग करू नका.

वाऱ्यावरची_वरात:

बरं, मग मी आता काय करू? १५० काढून फेकू?

कराडचा_टायरवाला:

फेकताय कशाला, झिजू द्या. पुढच्या वेळी १४०. तोवर वळणात जरा लवकर गाडी कलती करायची सवय ठेवा.

थोरलीचा_मालक (पुणे):

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा.

आकडे सापडले. मागच्यावर ०९१४. म्हणजे २०१६ मध्ये 'नवा' म्हणून मी पैसे मोजले तो टायर तेव्हाच दोन वर्षांचा होता. तेव्हा दुकानदारानं प्लॅस्टिकच्या पट्ट्या माझ्यासमोर सोलून काढल्या होत्या, मला केवढं कौतुक वाटलं होतं! नखाचा प्रयोग केला, खूण उमटली नाही. नख मात्र दुखलं.

नाना पेठेत चौकशी केली, एकाकडे दोन्ही अल्फा एच१ होते. मी तारीख बघायला खाली बसलो तेव्हा तो पोरगा हसला, पण हरकत घेतली नाही. पुढचा चार महिन्यांपूर्वीचा, मागचा सात. जोडी, वॉल्व्ह, बॅलन्सिंग धरून ८,६०० रुपये झाले. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी २८ वरून १८ वर आला तो फायदा ह्यातच आहे म्हणे, मला तरी बिल मोठंच वाटलं. मागच्या चाकाचं एक बेअरिंग खरखरत होतं, तेही बदललं. टायरवाले दादा, तुम्ही म्हणाला नसतात तर मी बघितलं नसतं.

पहिले दीडशे किलोमीटर गावातच, हळू चालवली, नव्या रबरावरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत. मग काल सातारा. येताना त्याच वळणावर पाऊस, मागच्या वेळेपेक्षा जोरात. चाळीसनं घातली. गाडी रेषेवरून गेली आणि पुढे गेल्यावर लक्षात आलं की मी दात आवळून धरले होते. एकच तक्रार. खड्ड्यात गाडी पूर्वीपेक्षा जास्त दणके देते.

कराडचा_टायरवाला:

झकास काम केलंत. पण दणके द्यायला नकोत. हवा किती भरलीय? गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच ना? टायरवर लिहिलेली असते ती कमाल, ती भरायची नसते.

थोरलीचा_मालक (पुणे):

पंपावरच्या पोऱ्यानं टायरवरचाच आकडा वाचून भरली होती. आत्ता खाली जाऊन कमी करून आलो.