नॅरोबोटीवरून जिओकॅशिंगचा रूट कसा आखायचा? (लँगोलेन कालवा, वेल्स) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. मे महिन्यात, इकडे पारा ४५ ला टेकलेला असतो तेव्हा, आम्ही चौघं (मी, बायको, ११ वर्षांचा मुलगा आणि आई) मावसबहिणीकडे इंग्लंडला चाललो आहोत आणि त्यातला एक आठवडा नॅरोबोट (कालव्यात चालणारी लांब, अरुंद बोट) भाड्याने घेऊन लँगोलेन कालव्यावर काढायचं पक्कं केलंय. मुलाला जिओकॅशिंगचं जबरदस्त वेड आहे. जीपीएसवर कोऑर्डिनेट टाकून लोकांनी लपवलेले डबे (यांनाच कॅश म्हणतात) शोधायचे, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवायचा. त्याच्यासोबत फिरून फिरून मीही त्यात पुरता अडकलोय.

बोट ट्रेव्हरला मिळणार. तिथून आधी लँगोलेन, मग परत फिरून पॉन्टकसिल्टी जलसेतूवरून चर्ककडे आणि जमलं तर एल्समिअर, असा विचार करून राहिलो. हा जलसेतू म्हणजे १८०५ साली टेलफर्ड आणि जेसप यांनी पूर्ण केलेलं काम, डी नदीवर ३८ मीटर उंचीवर लोखंडी पन्हळ आणि त्यातून बोट जाते! एका बाजूला चालायची वाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला कठडाच नाही. आईला तिथून बोटीत बसून जाताना बघायचंय मला, हे बाकी सगळ्याच्या आधी. कॅश कमी सापडले तरी चालतील.

अडचण अशी की कॅशची यादी काढली तर काठाकाठाने ढीगभर दिसतात. दोन कॅशमध्ये १६१ मीटर अंतर लागतं, म्हणजे मैलाला १० पर्यंत बसू शकतात, आता प्रत्येकासाठी बोट थांबवायची, खुंट्या ठोकायच्या, दोर बांधायचे, पुन्हा सोडायचे असं केलं तर आम्ही आठवडाभर ट्रेव्हरच्याच आसपास राहू. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, बांधलेल्या बोटींजवळून तर त्याहून हळू. मी मैल आणि लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट चढवणारे-उतरवणारे दरवाजे) यांची बेरीज भागिले ३ असा तासांचा हिशोब धरतोय, तो बरोबर आहे का? आणि जे कॅश पायवाटेच्या समोरच्या काठावर आहेत त्यांचं काय करायचं? टेरेन ५ (कॅशपर्यंत पोचायच्या अवघडपणाचा सगळ्यात वरचा आकडा) म्हणजे बोट लागणारच असं समजू का?

प्रतिसाद:
दादा, हिशोब बरोबर आहे, फक्त लँगोलेनकडे जाताना जास्त वेळ धरा. हा कालवा हॉर्सशू फॉल्सला डी नदीतून पाणी घेतो त्यामुळे प्रवाह तुमच्या विरुद्ध येतो, परतताना तोच मदत करतो. शिवाय लँगोलेनच्या अलीकडे काही भाग इतके अरुंद आहेत की एकच बोट मावते, तिथं एकाने पुढे चालत जाऊन समोरून कोणी येत नाही ना ते बघावं लागतं.

आणि तुमचं उत्तर इथंच आहे. प्रत्येक कॅशला बोट थांबवूच नका. वहिनी आणि मुलगा पायवाटेने चालू देत, बोटीचा वेग माणसाच्या चालीइतकाच असतो, ते शोधतील, तुम्ही सुकाणू धरा, आई पुढे बसून नदी-डोंगर बघतील. भेटायची जागा पूल. पुलांवर नंबराच्या पाट्या असतात, कॅशच्या हिंटमध्येही बऱ्याचदा तोच नंबर असतो. पुलाखाली किंवा वळणावर बोट बांधायची मात्र नाही, थोडं पुढे सरळ जागी घ्या. समोरच्या काठावरचे कॅश पूल ओलांडून जमतात का ते नकाशावर आधी बघा. टेरेन ५ म्हणजे खास साधन लागतं एवढंच, ती दोरी-गिर्यारोहणाची गोष्टही असू शकते, त्यामुळे कॅशच्या पानावर बोटीचं चिन्ह आहे का ते बघा. चर्कच्या बोगद्यात जीपीएस जाईल, यादी ऑफलाइन उतरवून ठेवा. लँगोलेनच्या पुढे हॉर्सशू फॉल्सपर्यंत इंजिनाच्या बोटींना बंदी आहे, तो भाग पायीच, पण नक्की जा. एल्समिअरला निघालात तर न्यू मार्टनला दोन लॉक लागतील, तिथं सगळे हात बोटीवर हवेत, शोधाशोध बंद.

धागाकर्ता:
ताई, खूपच आभार, हे डोक्यातच आलं नव्हतं. पुलांच्या नंबरानुसार यादी लावायला आजच बसतोय, मुलगा तर नकाशा घेऊन आधीच बसला. एकच विचारतो, जलसेतूवर पायवाटेने चालणाऱ्यांना आणि बोटीला एकाच वेळी जाता येतं ना? मुलाला चालत जायचंय आणि आईला तो सोबतच दिसायला हवा.

प्रतिसाद:
हो, वाट बोटीच्या अगदी शेजारून जाते. सकाळी लवकर जा, दुपारी त्या वाटेवर पर्यटकांची गर्दी होते.