खुब्याच्या कृत्रिम सांध्याचा दांडा मुद्दाम खरखरीत का ठेवतात?

चिंचोळीचा_टर्नर

नमस्कार. चिंचोळी एमआयडीसीत माझे लेथ आणि मिलिंगचे छोटे वर्कशॉप आहे. माझ्या मेहुण्यांच्या मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन तो गोळा खचत चालला आहे. त्यांचे वय ४६ आहे. सोलापुरातील अस्थिरोगतज्ज्ञांनी सिमेंट न वापरता खुबा बदलण्याचा सल्ला दिला असून, त्यांनी दाखवलेला नमुना मी हातात घेऊन पाहिला. हाडात ठोकून बसवायच्या टायटॅनियमच्या दांड्याचा वरचा भाग खरखरीत व पांढरट थराचा, खालचे टोक गुळगुळीत आणि वर बसणारा गोळा अगदी चकचकीत होता. आमच्या धंद्यात फिनिश जितके चांगले तितका भाव जास्त. त्यामुळे हा प्रकार मला उलटा वाटला. एकाच वस्तूवर तीन तऱ्हेचे फिनिश कशासाठी ठेवतात? जितका खरखरीतपणा अधिक तितकी पकड अधिक, असा सरळ हिशेब आहे का? आणि पांढऱ्या थरासाठी वेगळे पैसे मोजावे लागत असतील, तर ते मोजावेत का?

धातूंचा_मास्तर

प्रश्न फार नेमका विचारला आहे. मी धातुशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. तेव्हा उत्तर पृष्ठभागापुरतेच देतो.

गोळ्याचे काम घसरण्याचे आहे. तो कपाच्या, म्हणजे कमरेच्या हाडात बसवलेल्या वाटीच्या, अस्तरावर आयुष्यभर फिरणार, म्हणून धातूच्या गोळ्याचा रफनेस ०.०५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत ठेवतात. दांड्याचे काम याच्या नेमके विरुद्ध आहे, कारण त्याने हाडाशी कायमचे एकजीव व्हायचे असते. टायटॅनियमशी हाड असे थेट जुळते, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या पायात बसवलेल्या टायटॅनियमच्या कुपीवरून लक्षात आले, कारण ती कुपी नंतर हाडातून निघेना. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात याच तत्त्वावर दात बसवले. टायटॅनियमवर हवेतच काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर चढतो आणि शरीराची गाठ धातूशी न पडता त्या थराशी पडते.

आता खरखरीतपणाकडे वळू. दांडा आत गेल्यावर पहिल्या काही मिनिटांतच रक्तातील प्रथिने त्यावर बसतात आणि हाड तयार करणाऱ्या पेशी त्यांच्या आधाराने चिकटतात. एक-दोन मायक्रॉनचा चढउतार या पेशींना मानवतो, असे दातांच्या इम्प्लांटवरील (जबड्यात बसवायच्या कृत्रिम मुळांवरील) अभ्यासांतून दिसते. खुब्याच्या दांड्यांवर ग्रिट ब्लास्टिंगने, म्हणजे कठीण कणांचा जोरात मारा करून, साधारण तीन ते पाच मायक्रॉनपर्यंतचा खरखरीतपणा आणतात. हाडाने नुसते चिकटून न राहता आत शिरावे असे वाटत असेल, तर छिद्रे हवीत आणि ती साधारण १०० ते ४०० मायक्रॉनची हवीत, कारण हाडाबरोबर रक्तवाहिन्यांनाही आत वाट लागते. टँटलम या धातूच्या सच्छिद्र कपात तर सुमारे पाऊण भाग मोकळी जागाच असते.

तरीही आपला सरळ हिशेब इथे लागू पडत नाही. हाड धरण्याआधीच्या आठवड्यांत दांडा हलला, तर पृष्ठभाग कितीही उत्तम असला तरी उपयोग होत नाही. हालचाल ४० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याखाली राहिली तर हाड वाढते आणि १५० च्या वर गेली तर हाडाऐवजी तंतुमय ऊतीचा थर तयार होतो. म्हणून हाडातील पोकळी दांड्यापेक्षा किंचित लहान कोरतात. आपल्या भाषेत हा इंटरफरन्स फिट झाला. खरखरीतपणाचे पहिले काम या काळात दांडा घसरू न देणे हेच आहे.

खालचे टोक गुळगुळीत ठेवण्यामागेही विचार आहे. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ताठरपणा सुमारे ११० गिगापास्कल, तर हाडाच्या कठीण कवचाचा १५ ते २० असतो. हाडाने टोकाशीच पकड घेतली, तर भार दांड्यातून थेट खाली उतरतो, वरच्या हाडाला काम उरत नाही आणि काम नसलेले हाड झिजू लागते.

जोडभावी_पेठ

आमचा टॉवेलचा कारखाना आहे, म्हणून हे वाचताना टॉवेलवरचे धाग्यांचे फासे, म्हणजे लूप, आठवले. साध्या कापडापेक्षा टेरीत लूपमुळे पृष्ठभाग वाढतो, तसेच इथेही असावे. मात्र एक शंका आहे. माझ्या हाताच्या हाडात बसवलेली प्लेट आणि स्क्रू काढले, तेव्हा ते अगदी गुळगुळीत होते. हाडाने धरावे असे वाटत असेल, तर तिथे खरखरीतपणा का दिला नाही?

अस्थिरोग_निवासी

लूपचा दाखला अर्धाच लागू पडतो. क्षेत्रफळ वाढते हे खरे, पण मुख्य लाभ हाड खाचांत अडकून बसते याचा आहे. प्लेटचे काम हाड जुळेपर्यंत आधार देण्यापुरतेच असते. ती पुढे काढावी लागली तर सहज निघावी, म्हणून तिचा पृष्ठभाग मुद्दाम गुळगुळीत ठेवतात. हाडाने घट्ट धरलेला स्क्रू काढताना त्याचे डोके झिजणे किंवा तो आतच तुटणे, हे आम्हाला नको असते.

मूळ प्रश्नातील पांढरा थर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा, म्हणजे हाडातील खनिजाशी साम्य असलेल्या कॅल्शियम फॉस्फेटचा असावा. खुब्यावर तो १९८० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आहे. दांडा आणि हाड यांच्यात बारीक फट राहिली, तर ती भरून निघण्यास त्याची मदत होते. थर फार जाड झाला तर तडकतो, म्हणून बहुधा ५० ते १५० मायक्रॉनच्या दरम्यान ठेवतात. मूळ दांड्याची रचना आणि सच्छिद्र पृष्ठभाग चांगला असेल, तर या थरामुळे दांडा जास्त वर्षे टिकतो असे स्वीडनच्या सांधेबदलाच्या राष्ट्रीय नोंदींवरील अभ्यासात दिसले नाही. तेव्हा निव्वळ थरासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा, आपल्या डॉक्टरांच्या हाताला सवय असलेला आणि दीर्घकाळाच्या नोंदी असलेला दांडा घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पृष्ठभागाइतकेच महत्त्व नंतरच्या वागण्याला आहे. किती भार टाकायचा हे शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरच सांगतील. शेजारच्यांचे पाहून ते ठरवू नये. मेहुणे बिडी-सिगारेट ओढत असतील, तर ती आधीच सोडावी, कारण धूम्रपानाने हाडाची भरण मंदावते. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणावी आणि दातांत पू असेल तर आधी उपचार घ्यावेत. ज्या पृष्ठभागावर पेशी बसतात त्यावर जंतूही बसू शकतात आणि तिथे आधी कोण पोचते याला फार महत्त्व असते.

चिंचोळीचा_टर्नर

दोघांचेही आभार. मेहुणे दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढतात, तेव्हा तिथून सुरुवात करावी लागेल. एक शेवटचा प्रश्न आहे. आमच्याकडे शाफ्टवर खाच राहिली की तो तिथूनच तुटतो. मग खरखरीत दांड्याला तो धोका नाही का?

धातूंचा_मास्तर

धोका आहे आणि तो ओळखूनच रचना केलेली असते. टायटॅनियमवर बारीक मणी भट्टीत तापवून चिकटवले, तर मण्यांच्या मुळाशी खाचा राहतात आणि सुमारे ९९५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्याने मूळ धातूची कणरचनाही जाड होते. या दोन्हींमुळे थकवा, म्हणजे पुन्हापुन्हा पडणारा भार, सोसण्याची ताकद निम्म्याहूनही खाली येऊ शकते. म्हणून ज्या बाजूवर ताण पडतो, म्हणजे दांड्याच्या बाहेरच्या बाजूला, काही रचनांत असा थर देतच नाहीत. प्लाझ्मा फवारणीत, म्हणजे अतितप्त वायूच्या झोताने वितळलेली पूड फवारताना, मूळ धातू फारसा तापत नाही, त्यामुळे हे नुकसान बरेच कमी होते. डॉक्टरांकडे पुन्हा गेलात, तर नमुन्याच्या बाहेरच्या कडेला थर कुठे संपतो ते पाहा.