बारक्या फाइलींसाठी एक्सफॅट नको, एनटीएफएसच घ्या

परभणीकर: सेवा केंद्र चालवतो, सातबारा, फेरफार, पीकविम्याच्या पावत्या असल्या बारक्या फाइलींचा ढीग असतोय. 64 जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजमधी एक्सफॅट (ड्राइव्हवर फाइली मांडायची एक पद्धत, एनटीएफएस ही दुसरी) केला की क्लस्टर, म्हणजे फाइलीला मिळणारा जागेचा कमीत कमी तुकडा, आपोआप 128 केबीचा धरतंय, म्हणजे 20 केबीची पावती टाकली तरी 128 केबी गेले. अशा 40,000 पावत्या 800 एमबीच्या आत बसायला पाहिजेत, तिथं जवळजवळ 5 जीबी खातेत! प्रॉपर्टीजमधी साइज आणि साइज ऑन डिस्क शेजारीशेजारीच दिसतंय, बगा उघडून. एनटीएफएसचा क्लस्टर 4 केबीचा, एवढी नासाडी होतच नाही.

लातूरचा फोटोवाला: भाऊ, हे बारक्या फाइलींपुरतं झालं. माझ्याकडं लग्नाचे व्हिडिओ, एकेक फाइल 10-12 जीबीची, शेवटच्या क्लस्टरात 100 केबी मोकळे राहिले तर काय फरक पडतो? फॅट32 या जुन्या पद्धतीमधी 4 जीबीची फाइलसुद्धा बसत नाही, आणि एनटीएफएस लावलं तर गिऱ्हाइकाच्या मॅकवर नुसतं वाचता येतंय, लिहिता येत नाही. म्हणून माझं एक्सफॅटच.

नांदेडकर: दोघंबी विंडोजच धरून बसलाव. बॅकअपची डिस्क घरातच राहणार असेल तर लिनक्सची ईएक्सटी4 पद्धत करा, ब्लॉक (तिथला क्लस्टर) 4 केबीचाच.

परभणीकर: आणि 5 टक्के जागा रूटसाठी (लिनक्सच्या मुख्य ॲडमिन खात्यासाठी) राखून ठेवतंय ते? 1 टीबीच्या डिस्कवर 50 जीबी गेले की! वर आयनोडचे (फाइलींची माहिती ठेवायच्या नोंदींचे) तक्ते फॉरमॅट करतानाच आखून ठेवतंय, फाइली असोत नसोत.

नांदेडकर: निव्वळ डेटाची डिस्क असेल तर ट्यून2एफएस या कमांडनं ते 5 टक्के शून्यावर आणता येतेत. बीटीआरएफएस या लिनक्सच्याच दुसऱ्या पद्धतीमधी तर फाइली दाबून बारीक करायचं झेडएसटीडी कॉम्प्रेशन पण आहे, पण खरं सांगायचं तर स्कॅन केलेल्या पीडीएफ नि जेपीजी आधीच दाबलेल्या असतेत, तिथं फार काही वाचत नाही.

लातूरचा फोटोवाला: परभणीकर, तुम्ही एक्सफॅटच ठेवा, फॉरमॅट करताना अलोकेशन युनिट साइज (क्लस्टरचाच आकार) 4096 बाइट, म्हणजे 4 केबी निवडा. फॅटचा तक्ता (क्लस्टरांची यादी) 2 एमबीवरून 64 एमबीवर जाईल, पण तुमचे 4 जीबी वाचतील.

परभणीकर: हे पटलं, पण कॉपी चालू असताना लाइट गेली तर? एक्सफॅटला जर्नल (बदल आधी टिपून ठेवायची वही) नाही, आणि आमच्याकडं उन्हाळ्यात लाइटीचा भरवसा नसतोय.

लातूरचा फोटोवाला: एनटीएफएसचं जर्नल फाइली कुठं ठेवल्या याचा हिशोब सांभाळतंय, अर्धवट कॉपी झालेली पावती ते बी पुरी करून देत नाही. इन्व्हर्टर लावा आणि दुसऱ्या डिस्कवर अजून एक कॉपी ठेवा.