लॅटव्हियाच्या ‘त्सिएलवा’ पक्ष्याच्या नावात धुणं आहे का?

गोदाकाठचा:
परवा विष्णुपुरीला गेलतो, पाण्याच्या कडेला पांढरा धोबी शेपूट आपटत पळायलता. घरी येऊन वाचत बसलो तर कळलं की हा लॅटव्हियाचा राष्ट्रीय पक्षी हाय, १९६० पासून, अन् तिकडं त्याला त्सिएलवा म्हणतात. आता स्पॅनिशमधी ह्याला लावांदेरा म्हणतात, म्हणजे सरळ सरळ धोबीणच, मग त्सिएलवातला ‘लवा’ पण धुण्याचाच असंल का? मला तर लई वाटायलंय तसं.

शब्दखोर लातूर:
नाही हो दादा, शब्द तोडायची जागा चुकली. त्सिए-लवा नाही, त्सिएल-अवा. अवा हा नुसता प्रत्यय. अन् लॅटव्हियनमध्ये धुणे म्हणजे मज्गात, त्यात लव कुठून येणार? शेजारच्या लिथुआनियनमध्ये ह्याच पक्ष्याला किएले म्हणतात. तिकडं क तसाच राहिला, लॅटव्हियनमध्ये इ-ए च्या आधी त्याचा त्स झाला. डोळाच घ्या की, लिथुआनियन आकिस, लॅटव्हियन आत्स (आपलं अक्षि पण त्याच खानदानातलं). जुन्या ग्रीकमध्ये किल्लूरोस, त्यात ऊरा म्हणजे शेपूट. मुळात अर्थ हलण्याचा धरतात. म्हणजे त्यांनी धुणं नाही पाहिलं, नुसतं हलणं पाहिलं.

गोदाकाठचा:
आरं देवा. मग शास्त्रीय नाव मोतासिल्ला, त्यातलं सिल्ला म्हणजे तरी शेपूट ना?

शब्दखोर लातूर:
तिथं तर मोठमोठे फसले 😄 ते पण लॅटिन ‘हलणे’वरूनच आलंय, सिल्लाचा शेपटीशी काही संबंध नाही. पण लोकांनी तसं समजून घेतलं अन् पुढं एका वेगळ्याच पक्ष्याला रेशमी शेपटीचा म्हणून बॉम्बिसिल्ला नाव देऊन टाकलं. तुम्ही एकटेच नाहीत चुकीच्या जागी तोडणारे.

पैठणकर:
मधीच बोलतो, माफी. आपल्याकडं हिवाळ्यात येणाऱ्या पांढऱ्या धोब्याच्या एका पोटजातीचं नाव डुखुनेन्सिस हाय, म्हणजे दख्खनचा! साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३२ मधी दिलं. गडी अंडी घालतो सायबेरियात, अन् नाव आपलं. नाथसागरावर थंडीत बघायला या.

गोदाकाठचा:
येतो की. धाग्याचं टायटल बदलता येतं का हितं?