कादंबरीकारांना फील्डवर्क शिकवणाऱ्यांनो, जरा थांबा

बर्डीवाला: परवा इथं कोणीतरी ठोकून दिलं, 'ग्रामीण कादंबरी म्हणजे घरबसल्या थापा, माणसं कळायला मानववंशशास्त्र वाचा.' डोकंच फिरलं. आपल्या नागपूरचंच घ्या. गोंडांची माहिती जमवणारे मिशनरी हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटाहून परतताना बुडून गेले, त्यांचे कागद इंग्रज अधिकारी टेंपलनं १८६६ मध्ये छापले. त्यातलं आज वाचवतं काय? गोंडांचं लिंगोगीत, त्यांच्या देवपुरुषाची गाथा! म्हणजे रचलेलंच की. शब्दांच्या याद्या कोण उघडतो?

अजबबंगला: वाचवतं म्हणून खरं होत नाही, साहेब. अमेरिकन कादंबरीकार हर्स्टन मानववंशशास्त्रज्ञ बोआसकडे शिकली. १९३५ मध्ये लोककथांचं पुस्तक, सगळ्यात गाजलेली कादंबरी १९३७ ची. आपले लेखक मेळघाटात चार दिवस रिसॉर्टवर राहतात आणि 'आदिवासी वेदना' घेऊन परततात.

बर्डीवाला: हर्स्टन वही घेऊन गेली ती स्वतःच्याच गावात, ईटनव्हिलला. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीचं बोला ना! पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या लोकांबद्दल १९२२ च्या ग्रंथात केवढा समंजस. १९६७ मध्ये डायरी बाहेर आली, तर त्याच लोकांवर नुसता खेकसतोय. कादंबरीकारानं हा खेकसणारा माणूसच आधी पुस्तकात घेतला असता.

मौद्याचा_भाऊ: राजेहो, तुमी मॅलिनोव्स्की घेऊन बसले. इथं मध्य प्रांताच्या जाती-जमातींवरच्या रसेल-हिरालालच्या १९१६ च्या खंडांवर माणसाची जमात ठरून राहिली. पोरीच्या जमातीच्या व्हॅलिडिटी सर्टिफिकेटसाठी पडताळणी कमिटीचं दक्षता पथक घरी आलं. कुलदैवत कोणतं, मयतीत काय करता? माय म्हणे, 'आता तेरवीच करतो, मंडपवाल्याला सांगून.' साहेबानं पेनच खाली ठेवला. शेजाऱ्यानं पुस्तकातलं पाठ केलं होतं, थे बरोबर जुळलं. आता सांगा, कादंबरी कोणाची?

अजबबंगला: धागा भरकटवू नका. हा कमिटीचा प्रश्न आहे, शास्त्राचा नाही.

मौद्याचा_भाऊ: कमिटीच्या टेबलावर तुमचंच शास्त्र होतं न बे!

कोर्टातली_ताई: भांडू नका. अ‍ॅफिनिटी टेस्ट, म्हणजे रीतीभाती जमातीशी जुळतात का हे पाहणं, ही अंतिम कसोटी नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्येच सांगितलंय. पण गोवारी म्हणजेच गोंड-गोवारी जमात का, यावरच्या त्याच कोर्टाच्या २०२० च्या निकालातही रसेल-हिरालाल आहेतच. कादंबरीचा उतारा घेऊन युक्तिवाद करणारा वकील मला अजून भेटायचाय.

बर्डीवाला: म्हणूनच कादंबरी बरी. तिच्यापायी कोणाचं सर्टिफिकेट अडत नाही.

अजबबंगला: वा, न अडणं हाच आता वाङ्मयीन गुण! बरं बाबा, शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक आजच्या माणसाला लावणं चूक, घ्या मान्य. पण निदान खंड, पान दाखवून त्याला खोडता येतं. कादंबरीकाराला चूक दाखवा, तो म्हणतो, 'काल्पनिक आहे हो.'

मौद्याचा_भाऊ: पान दाखवायला वकील लागते भाऊ. त्याची फी तुमी देता का?